राखणीचा कुत्रा घरात वाढवताना: नाशिककरांसाठी

"रॉटवायलर घ्यायचं म्हणतोय," असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, "रात्री तो झोपणार कुठे?" "गेटजवळ, साखळीला" असं उत्तर आलं, तर त्या घराने कुत्रा घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. आमचा जिवा सहा वर्षांचा आहे, वजन ४८ किलो. मखमलाबाद रोडला आमचं रो-हाऊस आहे आणि तो बैठकीच्या खोलीत, दाराला आडवा पडून झोपतो. माहेरी दिंडोरीकडच्या मळ्यावर मात्र लहानपणापासून साखळीला बांधलेली कुत्रीच पाहिली. दोन्ही बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: राखणीच्या जातीला राखण शिकवावी लागत नाही, ती रक्तातच असते. तिला शिकवावं लागतं ते कुणापासून धोका नाही हे. आणि ते माणसांत राहूनच शिकता येतं. साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या कुत्र्याला दूधवाला, पोस्टमन आणि चोर हे तिघंही सारखेच.

पुढचं सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घरात बसून ठरवा

सकाळी आणि संध्याकाळी मिळून दीड तास कोण देणार? घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो आवरता येईल का? बदलीची नोकरी, भाड्याचं घर असेल तर पुढचा घरमालक मोठा कुत्रा चालवून घेईल का? आमच्याकडे खाणं, औषधं, लशी धरून महिन्याला सरासरी आठ हजार रुपये जातात, आणि आजारपण आलं की तो आकडा विसरायचा. ही जबाबदारी आठ ते दहा वर्षांची आहे. घरातलं एक जरी माणूस मनापासून नको म्हणत असेल तर थांबा. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्याच्या वागण्यातली भीती कुत्र्याला कळते आणि घर दोघांनाही त्रासाचं होतं.

जात निवडताना

नवख्या घरासाठी माझी पहिली पसंती जर्मन शेफर्ड. शिकायला उत्सुक, वजन ३० ते ४० किलो, आणि नाशिकच्या बहुतेक डॉक्टरांच्या हाताखालून गेलेली जात. डॉबरमन अंगाने हलका पण मनाने फार हळवा. त्याला एकटं ठेवलं की तो बिघडतो, आणि ह्या जातीत हृदयाचा आजार बराच आढळतो. रॉटवायलर मुळात जर्मनीत गुरं हाकणारा आणि गाडी ओढणारा कुत्रा. नर ५० ते ६० किलोपर्यंत जातो. घरच्यांवर जीव टाकतो, पण ताकद एवढी की शिकवण राहून गेली तर मोठं माणूसही फरफटत जातं. बुलमास्टिफ शांत आणि कमी भुंकणारा, पण उन्हात लवकर थकतो. ग्रेट डेन स्वभावाने गोड, आयुष्य मात्र आखूड.

कॉकेशियन शेफर्ड, तिबेटी मास्टिफ, सेंट बर्नार्ड हे बर्फाळ मुलखातले प्राणी. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ते आणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, नका आणू. आपल्याकडे थंडी छान पडते हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला दिवसभर एसीत डांबून ठेवणं ही शिक्षाच आहे. शिवाय कॉकेशियनसारखी जात कळपाच्या राखणीसाठी घडलेली. ती स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेते, मालकाच्या आज्ञेची वाट बघत नाही. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला ते झेपत नाही.

कारवान आणि मुधोळ आपल्या मातीतले, सुंदर आणि काटक, पण ते नजरेने सावज हेरून पळणारे शिकारी कुत्रे. राखणीच्या अपेक्षेने ते घेऊ नयेत.

पिल्लू कुठून आणायचं

व्हॉट्सॲपवर फोटो बघून, टोकन भरून, हायवेवरच्या ढाब्यावर खोक्यातून पिल्लू ताब्यात घ्यायचं असं आजकाल सर्रास चालतं. तसं करू नका. घरी जा, आईला बघा. आई अनोळखी माणसासमोर कशी वागते, यावरून पिल्लाचा अर्धा स्वभाव कळतो. आई दाखवायला टाळाटाळ झाली की गाडीत बसून परत या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा आठ आठवड्यांचा नियम फार मोलाचा आहे. दातांचा जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे जोरात चावतं, आणि ५० किलोच्या कुत्र्यात ही सवय परवडत नाही.

केनेल क्लबचे कागद म्हणजे वंशावळ. तब्येतीची हमी त्यात नसते. आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात उतरतो. कान कापून उभे केलेलं पिल्लू घेऊ नका.

दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घेणं हाही उत्तम मार्ग आहे. हौसेने आणलेले आणि मग सोडून दिलेले कितीतरी मोठे कुत्रे घराची वाट बघत असतात. त्यांचा स्वभाव तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतो, पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच असतो. घरी आणण्याआधी चार-पाच वेळा मात्र भेटा.

कागदपत्रं

महापालिकेकडे कुत्र्याची नोंद करून परवाना घ्या आणि दर वर्षी नूतनीकरण करा. त्यासाठी रेबीजच्या लसीचं कार्ड लागतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. तरी सोसायटीत कुणी ते पत्र पुढे करतं, तेव्हा न भांडता ही माहिती द्या. पाळीव प्राणी ठेवूच नका असा ठराव सोसायटीला करता येत नाही, पण सामाईक जागेत दोरी लावणं आणि घाण उचलणं हे तुमचं काम. आणि एक लक्षात असू द्या: कुत्र्यापासून कुणाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिले दोन महिने, सगळ्यांत महत्त्वाचे

जग कसं आहे हे पिल्लाच्या मनात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात ठसतं. नेमक्या ह्याच काळात लशी अर्धवट असतात आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-ओकारीच्या आजाराची, भीती असते, म्हणून लोक पिल्लाला घरात कोंडतात. पुढे तोच कुत्रा छत्रीवाल्या माणसाला बघून अंगावर जातो.

यातून मार्ग आहे. पिल्लाला कडेवर घ्या आणि बाहेर न्या. जमिनीवर, विशेषतः जिथे इतर कुत्री फिरतात तिथे ठेवू नका, बाकी सगळं दाखवा. आम्ही जिवाला दुपट्यात गुंडाळून रविवार कारंज्यापाशी स्कूटरवर बसवून ठेवायचो, पंधरा-वीस मिनिटं. टोपीवाले, दाढीवाले, बुरख्यातल्या बायका, कुबडी घेतलेले आजोबा, शाळेची रिक्षा, रसवंतीचे घुंगरू. काही नवीन दिसलं की उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोंडात. तो घाबरला तर मागे सरकायचं, जबरदस्ती अजिबात नाही.

नाशिकमध्ये आवाजाची तयारी वेगळी करावी लागते, कारण आपला ढोल. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पथकांचा सराव चालतो. आम्ही आधी मोबाइलवर अगदी बारीक आवाजात ढोल लावून जिवाला जेवण द्यायचो, रोज थोडा आवाज वाढवत. मग सराव चालतो त्या मैदानापासून दोन गल्ल्या लांब. मग एक गल्ली. आज मिरवणूक दारावरून गेली तरी तो कान हलवतो आणि पडून राहतो. फटाक्यांचंही असंच. रंगपंचमीला मात्र कुत्रा घरातच. रंग त्याने चाटला की पोटात जातो.

दूधवाले काका रोज पहाटे साडेपाचला येतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या हातात खाऊची डबी दिली. "काका, काही बोलू नका, त्याच्याकडे बघू नका, नुसता एक तुकडा खाली टाका आणि जा." पंधरा दिवस हे केलं. अंधारात येणारं, हातात धातूची कॅन असलेलं, घाईत चालणारं माणूस घरचंच असतं, हे जिवाने तेव्हा जे शिकून घेतलं ते कायमचं. शेजारच्या चारही घरांशी अशीच ओळख करून द्या.

लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांचं झाल्यावर, मग बूस्टर आणि दर वर्षी. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. एकही तारीख चुकवू नका.

शिकवण

रोज पाच-पाच मिनिटांचे तीन धडे पुरतात. बस, थांब, सोड, ये आणि जागेवर. यातलं "जागेवर" हे राखणीच्या कुत्र्याचं सगळ्यांत मोठं शिक्षण. आमच्याकडे दारापासून आठ फुटांवर एक सतरंजी आहे. बेल वाजली की जिवा तिथे जाऊन बसतो. त्याची दोरी भिंतीतल्या कडीला अडकवायची, मगच दार उघडायचं. पाहुण्यांना सांगायचं, आत या, बसा, पाणी प्या, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दहा मिनिटांनी तो स्वतःच मान खाली टाकतो. मग हवं तर भेट. पाहुणा घाबरत असेल तर भेट नाहीच, कुत्रा आतल्या खोलीत.

पार्सलवाल्यासाठी गेट उघडण्याआधी कुत्रा घरात आणि घराचं दार बंद. ऐकायला सोपं वाटतं, पण कुत्रा निसटल्याचं कुठे ऐकलं की मूळ बहुतेक वेळा हेच असतं: कडी नीट लागली नव्हती. आम्ही गेटला आतून दुसरी कडी लावली, ती लहान मुलाच्या हाताला पुरत नाही एवढ्या उंचीवर.

"चावायला शिकवतो" म्हणणाऱ्या ट्रेनरला घरात घेऊ नका. मारणारा, गळफासाची साखळी ओढणारा ट्रेनरही नको. आणि गुरगुरण्यासाठी कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे, "मला हे नको, लांब व्हा." तो इशारा दाबून टाकला तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. गुरगुरला तर लांब व्हा, कारण शोधा, तेच तेच होत असेल तर जाणकाराला दाखवा.

जाळीचं मुसकं लहानपणीच खाऊ भरून दाखवा, म्हणजे तोंड आपणहून आत घालतो. दवाखान्यात, लिफ्टमध्ये, प्रवासात कामी येतं. जाळीचंच हवं, कापडी घट्ट मुसक्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत.

लहान मूल आणि हा कुत्रा, मोठं माणूस नसताना एका खोलीत ठेवायचे नाहीत. कुत्रा कितीही गुणी असला तरी नाही. जेवताना, झोपेत, हाड चघळताना मुलांनी त्याच्याकडे जायचं नाही, हा आमच्या घरातला पक्का नियम आहे.

द्राक्ष आणि कांदा

हा भाग नाशिककरांनी दोनदा वाचावा. आपल्या जिल्ह्याला ज्या दोन पिकांनी नाव मिळवून दिलं, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत.

जिवा दोन वर्षांचा असताना फेब्रुवारीत मामाकडून द्राक्षांची पेटी आली. ओट्याखाली ठेवली होती. मी अंगणात कपडे वाळत घालून आले, तोवर पेटीचा पुठ्ठा फाटलेला, दोन-अडीच घड गायब, आणि जिवाच्या मिशीला एक हिरवा मणी चिकटलेला. तो अगदी मजेत होता. मला धोका माहीत होता म्हणून वीस मिनिटांत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकारी काढली. ट्रेमध्ये बाहेर आलेले बरेचसे मणी अख्खे होते. तीन दिवस सलाईन, रोज रक्त तपासून किडनीवर नजर. तो वाचला.

द्राक्षं, बेदाणे, मनुके, तिन्ही वर्ज्य. किती खाल्ले तर चालतात असं सुरक्षित प्रमाण नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभरही पुरतात. किडनी एक ते तीन दिवसांत निकामी होऊ लागते, आणि तोवर कुत्रा बरा दिसू शकतो. म्हणून लक्षणांची वाट बघू नका, पहिल्या दोन तासांत डॉक्टरकडे पोचा. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने नवंच दुखणं उभं राहतं. बाग असेल तर काढणीच्या दिवसांत वेलीखाली पडलेले मणी आणि फवारणीचं औषध, दोन्हींपासून कुत्रा लांब हवा.

कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून, वाटून हा गुण जात नाही. उरलेली मिसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, भजी, पावभाजी, सगळ्यांत कांदा आहे. "पोळी रश्शात भिजवून दिली, आवडीने खाल्ली," असं आजी प्रेमाने सांगतात तेव्हा त्यांना समजावून सांगायला हवं. आमच्या सासूबाईंना मी जिवासाठी वेगळा, नुसता हळदीत शिजवलेल्या चिकनचा डबा करून दिला. आता त्या त्यातूनच देतात, प्रेमही होतं आणि धोकाही नाही. लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या, लघवी तांबूस, कुत्रा मलूल.

बाकी खाण्याचं थोडक्यात. पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं डॉग फूड, किंवा डॉक्टरांना विचारून आखलेलं घरचं अन्न. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांचे अणकुचीदार तुकडे आतडं फाडतात. चॉकलेट नाही. कॅल्शियमची पावडर मनाने देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लात जादा कॅल्शियममुळे हाडं वेडीवाकडी वाढतात.

हाडं आणि पोट

पिल्लू गुबगुबीत दिसावं ही हौस सोडा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. दीड वर्षापर्यंत जिन्यावरून धावणं, गाडीतून उड्या मारणं टाळा. गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या कुत्र्याचे पाय फाकतात, तिथे जाजम किंवा रबरी चटया अंथरा. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मोठ्या जातींत ती वर्ष उलटल्यावर केलेली सांध्यांना बरी.

खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. कुत्रा ओकारीसाठी उमाळे काढतो पण काहीच बाहेर येत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही; काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा जातो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर धावपळ नको. रात्री उघडा असणारा आणि शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कोणता, हे कुत्रा आणायच्या आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा.

ऊन आणि पाऊस

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच फिरायला. डांबरावर हाताची पाठ पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंज्यांनाही बसतो. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जाऊ लागला तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा. पावसाळ्यात गोचीड. त्यातून येणारा ताप वेळेत धरला तर बरा होतो. रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली हात फिरवायचा. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूंचा आजार होतो, त्याची लस विचारून घ्या.

गोदापार्कला सकाळी गर्दी असते, तिथे दोन मीटरची साधी दोरी; लांब सुटणारी दोरी मोठ्या कुत्र्यासाठी धोक्याची. संक्रांतीनंतर महिनाभर मैदानात मांजाचे तुकडे पडलेले असतात, पंजे तपासा.

मळ्यावर राहणाऱ्यांसाठी

निफाड, सिन्नर, दिंडोरी, अगदी शहराच्या कडेलाही बिबट्या आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. ओसरीत साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, झुंजू शकत नाही. माझ्या माहेरच्या मोत्याची सकाळी फक्त साखळी सापडली होती, खुंट्याला तशीच बांधलेली. मी तेव्हा नववीत होते. रॉटवायलर असला तरी बिबट्यासमोर तो सुरक्षित आहे असं समजू नका. अंधार पडला की कुत्रा घरात, किंवा वरून जाळी असलेल्या पक्क्या खोलीत. घरातून भुंकला तरी माणसं जागी होतात, आणि राखणीला तेवढं पुरतं.

शेवटची एक तयारी

मोठा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षापासून म्हातारा होऊ लागतो. मागचे पाय कमजोर होतात, गाडीत चढवत नाही. आमच्या ओळखीच्या घरी ५५ किलोचा कुत्रा रात्री अकराला कोसळला आणि जिन्यावरून खाली आणायला माणसंच नव्हती. तेव्हापासून आमच्या गाडीच्या डिकीत एक जाड, नवार शिवलेली सतरंजी कायम असते. कुत्र्याला तिच्यावर सरकवायचं आणि चार कोपरे चौघांनी धरायचे. जिवाचे दोन कोपरे आमचे. उरलेल्या दोन कोपऱ्यांसाठी शेजारच्या दोन घरांना मी विचारून ठेवलंय, आणि जिवा त्यांना अंगाला हात लावू देईल एवढी ती माणसं त्याच्या ओळखीची आहेत. तुमचे दोघं कोण, ते पिल्लू घरी येईल त्याच आठवड्यात विचारून ठेवा.